उपासनेला जाते, पण आपलं म्हणावं असं कुणी नाही

"मंडळीत (चर्चमध्ये) सगळे हसून 'जय ख्रिस्त' म्हणतात, पण रात्री ताप चढला तर फोन कुणाला करू?" नोकरीसाठी गाव सोडलेल्या ख्रिस्ती मुलामुलींकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. यातलीच एक नर्स. मूळची उदगीरकडची, जालन्यात नोकरीला आलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिचं म्हणणं होतं, "मॅडम, इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची सोयरी. मी कुठे शिरू?"

तिचं खोटं नव्हतं. जालन्याची मंडळी जुनी. 1843 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी पुढे इथे जवळच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. पण मी तिला म्हटलं, आज सोयरी दिसणारी ही माणसं कधीतरी परकीच होती ना? जात-भावकी सुटलेल्या माणसांना एकमेकांशिवाय होतं कोण?

मग तिचा रविवार विचारला. शेवटच्या बाकावर बसायचं, आशीर्वचन झालं की निघायचं. प्रार्थनेचा विषय विचारला तर ठरलेलं उत्तर, "सगळ्यांच्या आरोग्यासाठी." मला वाटतं, गाठ इथेच होती. आपलं काहीच कुणाच्या हाती द्यायचं नाही, तर समोरच्यानं धरायचं काय? 'एकमेकांची ओझी वाहा' असं बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो. त्यासाठी ओझं आधी दाखवावं लागतं, आणि नर्सचं काम करणाऱ्या मुलीला तेच सगळ्यात अवघड जातं.

बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला आठ-दहा माणसं असतात. तिथे एकच खरी गोष्ट सांग, एवढंच सुचवलं. तिने सांगितलं, "आईचं ऑपरेशन आहे आणि मला सुट्टी मिळत नाही." एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लगेच विचारलं, "तारीख काय गं?" आणि गीतांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतली. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "झालं का? तू जेवलीस का?" ही ड्युटीवरच्या जिन्यात बसून रडली.

प्रार्थनेचं मला मोल वाटतं ते यासाठी. ज्याच्यासाठी आपण देवाजवळ नाव घेऊन मागतो, तो माणूस मग परका राहत नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल नुसती नावं घेत सलाम सांगत जातो, आणि रूफाच्या आईला माझीही आई म्हणतो. गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसाला आई अशीच मिळाली असणार.

एक मात्र बजावून सांगते. सगळं सगळ्यांना सांगू नका. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली घरची गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर झालेली मी पाहिली आहे. आधी छोटं सांगा, ते पोटात राहतं का बघा. आणि झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवाच.

पुढे महिन्याभराने बाईंनीच हिला थांबवून घेतलं. मुलगा वर्षभर त्यांच्याशी बोलत नाही, हे त्यांनी मंडळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. आता बुधवारी ही त्यांच्याकडे अर्धा तास आधी जाते. बीपी तपासते, भाकरी खाते, आणि दोघी त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करतात.