सरपंच थेट, मग पंतप्रधान का नाही?

प्रश्न : आमच्या गावचा सरपंच आम्ही थेट मतदानाने निवडतो, मग पंतप्रधान तसा का निवडता येत नाही? (एक शेतकरी वाचक, जि. वर्धा)

उत्तर : आपल्या संसदीय पद्धतीत मतदार खासदार निवडतो आणि ज्याच्यामागे लोकसभेचे बहुमत, म्हणजे ५४३ पैकी २७२, तो पंतप्रधान होतो, ते बहुमत सरले की मुदत संपण्याची वाट न पाहता त्याला पायउतार व्हावे लागते. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले, ते याच नियमाने. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र चार वर्षांसाठी निवडला जातो व केवळ विरोधकांचे बहुमत झाले म्हणून हटत नाही. तरी तीही निवड पूर्णपणे थेट नाही, कारण २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळूनही निर्वाचकांच्या, म्हणजे राज्याराज्यांतून निवडून येऊन अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या, बळावर ट्रम्प जिंकले.

सरपंचाची थेट निवड महाराष्ट्राने २०१७ मध्ये आणली, २०२० मध्ये रद्द केली आणि २०२२ मध्ये परत आणली. सरकारागणिक नियम बदलावा, हे काही बरे नव्हे. शिवाय सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असले की ठराव अडतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे तर ग्रामसभा मतदानाऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते.