त्याला सावलीत बसवू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या तुझ्या शाळेत हृदय प्रत्यारोपण झालेला सातवीतला मुलगा आलाय आणि पी.टी.च्या तासाला त्याला सावलीत बसवायचं ठरलंय, असं कळलं. बसवू नकोस. त्याच्या डॉक्टरांनी खेळायची मुभा दिली आहे, मग ती काढून घेणारे आपण कोण?

फक्त ते हृदय कसं चालतं हे समजून घे. प्रत्यारोपणात हृदयाला जोडलेले मज्जातंतू कापले जातात. त्यामुळे पळायला लागल्याबरोबर मेंदूचा निरोप तिथे पोचत नाही. रक्तातलं ॲड्रेनलिन वाढेल तसे ठोके सावकाश चढतात आणि थांबल्यावर उतरायलाही वेळ घेतात. बसल्या जागी त्याची नाडी जलद लागली तर घाबरू नकोस. पण शिट्टी वाजली की सुसाट सुटणं त्याच्यासाठी नाही. आधी दहा मिनिटं चालणं, हलकं पळणं, शेवटीही तसंच. नाडीवर विसंबू नकोस, पळता पळता त्याला बोलता येतंय का ते बघ. छातीतलं दुखणं त्याला जाणवेलच असं नाही. रोजच्या फेरीत धाप लागली, मळमळलं, तर तिथेच थांबव आणि घरी फोन कर.

आमच्या नौपाड्याच्या शाळेत अशी एक मुलगी होती. लंगडीच्या संघात आली, तसं स्टिरॉइडने सुजलेल्या चेहऱ्यावरून तिला चिडवणं कमी होत गेलं.

शरीराने हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, बहुधा बारा-बारा तासांनी. सहल असो की गॅदरिंग, ती वेळ चुकता कामा नये. वयात येणारी मुलं नेमकी इथेच घसरतात. आठवण कर, पण बाजूला घेऊन. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नकोस, लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका त्याला जास्त. वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी त्याच्या आईला कळव. ताप आला तर ऑफिसातली गोळी देऊ नकोस.

मुलं विचारतील, ‘कुणाचं हृदय आहे रे?’ दात्याची ओळख गुप्त ठेवतात, त्याला ती ठाऊक नसणार. पण कुणीतरी गेलं म्हणून आपण आहोत, हे ओझं अशा मुलांच्या मनावर असू शकतं. तो प्रश्न तू तिथेच थांबव. तो आपणहून बोलला, तर मात्र घाई न करता ऐकून घे.

प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा 1978 पासून भरतात, त्यांत मुलंही उतरतात. हे त्याला सांग. आणि शाळेच्या स्पर्धेत नाव द्यायचं म्हणाला, तर डॉक्टरांकडून लेखी घे आणि यादीत त्याचं नाव लिही.

तुझ्या बाई