‘काही शंका?’ नंतरची शांतता

मागच्या लेखाच्या शेवटी ‘ऑफिसातल्या मीटिंगबद्दल काय खुपतं ते कळवा’ असं लिहिलं होतं. पत्रं आली ती टीम लीडची, एचआरची, एका पतसंस्थेच्या सचिवांची आणि हॉस्पिटलातल्या एका इनचार्ज सिस्टरांचीही. ‘मीटिंग कंटाळवाणी होते’ असं बहुतेकांनी लिहिलंय. मला मात्र त्या पत्रांत कंटाळ्यापेक्षा मुकाट बसावं लागल्याचा सल जास्त दिसला. आज त्याबद्दलच बोलू.

प्रश्न : मालाडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. अकरा जणांची टीम. दर सोमवारी साडेदहाला तासभर मीटिंग असते. मी सगळं समजावून सांगतो, शेवटी ‘काही शंका?’ विचारतो, आणि कुणी तोंड उघडत नाही. हीच मुलं कँटीनमध्ये अखंड बोलत असतात. माझं चुकतंय कुठे?

कँटीनमध्ये बोलणारी मुलं मीटिंगमध्ये गप्प बसत असतील, तर अडचण त्या तासाच्या बांधणीत आहे. तासातला बहुतेक वेळ एकच माणूस बोलत असेल तर बाकीचे ऐकण्याच्याच तयारीने बसतात. त्यात ‘काही शंका?’ हे वाक्य आपण शाळेपासून तास संपल्याची खूण म्हणून ऐकत आलोय. हात वर करणाऱ्याकडे सगळा वर्ग वळून बघायचा, ते अजून अंगात आहे.

तुम्ही प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता, हे एकदा घड्याळ लावून बघा. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबत आणि पुढे जात. त्यांना तीन सेकंद थांबायची सवय लावली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण सगळे तुमच्याकडे बघत असताना ते फार लांब वाटतात. पाण्याचा घोट घ्या, पण थांबा.

त्याहून मोठा बदल प्रश्नात करा. ‘या स्प्रिंटमधलं, म्हणजे कामाच्या या टप्प्यातलं, कुठलं काम अडकेल असं वाटतं? एकच लिहा,’ असं सांगून दोन मिनिटं कागद-पेन द्या. आधी लिहायचं, मग बोलायचं. १९५८ साली येल विद्यापीठात चार-चार जणांना एकत्र बसवून कल्पना सुचवायला सांगितल्या, आणि तेवढ्याच लोकांना वेगवेगळं बसवून त्यांच्या याद्या एकत्र केल्या. वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना बऱ्याच जास्त निघाल्या. कारण उघड आहे. गटात एका वेळी एकच जण बोलतो, आणि दुसऱ्याचं ऐकता ऐकता आपलं सुचलेलं मागे पडतं किंवा ‘जाऊ दे’ म्हणून सोडून दिलं जातं.

लिहिलेलं वाचताना सगळ्यात नवीन मुलीपासून सुरुवात करा आणि तुम्ही शेवटी बोला. लीडने मत दिलं की पुढे फक्त मान डोलते. अकरा जणांना एकेक मिनिट म्हणजे अकरा मिनिटं, तेवढी तुमच्या तासात नक्की निघतील. समजावून सांगायचा मजकूर शुक्रवारी संध्याकाळी मेलने पाठवा.

हे मी कुठे शिकले ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीला अंधेरी एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. माल वेळेवर निघत नाही, या एका विषयावर वरचे लोक तीन आठवडे वाद घालत होते. डिस्पॅचचे एक काका दाराजवळच्या खुर्चीत, चहाच्या ट्रेशेजारी बसायचे. तिसऱ्या मीटिंगनंतर जिना उतरताना मी त्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, ‘गेटपास दोनदा बनतो ना. एक स्टोअरला, एक सिक्युरिटीला. दुसरा सहीसाठी जेवणाच्या सुट्टीत अडकतो.’ मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? ‘कुणी विचारलं कुठे?’ दहा सेकंदांचं उत्तर तीन आठवडे दाराजवळ बसून होतं. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरले की दाराजवळ कोण बसलंय ते मी आधी बघते.

प्रश्न : बीकेसीतल्या एका फायनान्स कंपनीत मी अकाउंट्सला आहे. शिक्षण मराठी माध्यमात झालं. मीटिंग इंग्रजीत चालते. मला मुद्दा सुचतो, पण मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. साहेबांना वाटतं, मला काही सांगायचंच नाही. घरी जाताना ट्रेनमध्ये फार वाईट वाटतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या शहरात अशी हजारो हुशार माणसं रोज मीटिंगमध्ये गप्प बसून घरी जातात, आणि कंपन्यांना आपण काय गमावतोय याचा पत्ताही नसतो. याची पहिली जबाबदारी मीटिंग चालवणाऱ्याची आहे, हे ठामपणे सांगते. काळबादेवी, मस्जिद बंदरच्या पेढ्यांत गुजराती, मराठी, हिंदी एकाच वाक्यात येतात आणि हिशोब चोख राहतो. काचेच्या इमारतीत गेल्यावर तीच सवय कमीपणाची का व्हावी? मीटिंग चालवणाऱ्याने सुरुवातीलाच म्हणावं, ‘ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोला, मी मुद्दा इंग्रजीत लिहून घेतो.’ एवढ्या एका वाक्याने खोलीतली हवा बदललेली मी पाहिली आहे.

साहेब बदलेपर्यंत तुम्ही काय करायचं? विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्या आणि एकच मुद्दा तयार ठेवा, आकड्यासह. तुमच्या हातात आकडे आहेत, ही तुमची ताकद. ‘४२ बिलं पडून आहेत, कारण पीओ (खरेदी-आदेश) नंबर नाही’ हे कुठल्याही भाषेत तितकंच स्पष्ट ऐकू येतं. मीटिंग सुरू होण्याआधी साहेबांना सांगा, ‘बिलांच्या विषयावर मला दोन मिनिटं हवी आहेत.’ म्हणजे मध्ये घुसायची वेळच येत नाही, ते स्वतः तुमचं नाव घेतात. आणि जमेल तितक्या लवकर, पहिल्या दहा मिनिटांत, एखादं छोटं वाक्य बोलून घ्या. जितका उशीर कराल तितकं ते अवघड होत जातं.

आणखी एक. शेजारी बसणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला आपला मुद्दा आधी सांगून ठेवा. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले रेषांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. कुठली रेषा नमुन्याच्या रेषेइतकी लांब आहे हे डोळ्यांना दिसत असूनही, बाकीचे सगळे चुकीचं उत्तर देतात म्हणून बरीच माणसं आपलं बरोबर उत्तर गिळत. पण गटात दुसरा एकच जण बरोबर बोलला, की त्यांचं असं वाहवत जाणं फार कमी व्हायचं. ‘हो, हे मीही पाहिलंय’ म्हणणारं एक माणूस शेजारी असलं की पुरे.

आणि हिंदीत किंवा मराठीत बोललात म्हणून कुणी हसलं, तर तो कमीपणा हसणाऱ्याचा.

प्रश्न : मी अंधेरीतल्या एका कंपनीत एचआरला आहे. मीटिंग रंगतदार व्हावी म्हणून सुरुवातीला हाउजी, क्विझ, टाळ्यांचे खेळ घेते. तरुण मुलं हसतात, सीनियर घड्याळ बघतात. चालू ठेवू का?

थांबवा. खेळ संपला की लोक पुन्हा तसेच गप्प होतात, कारण कामाच्या विषयावर बोलणं तेवढंच अवघड राहिलेलं असतं. हाउजी वार्षिक स्नेहसंमेलनात शोभते.

त्याऐवजी कामातूनच निघणारी एक गोष्ट करून बघा. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती मांडली आहे. नवीन काम हाती घेण्याआधी टीमला सांगा : ‘समजा, मार्चअखेर आली आहे आणि हे काम पार फसलंय. का फसलं, ते लिहा.’ एरवी ‘हे जमणार नाही’ म्हणणारा माणूस अपशकुनी ठरतो. इथे धोका दाखवणं हेच काम होऊन बसतं, आणि घड्याळ बघणारे तुमचे सीनियर इथे सगळ्यात जास्त लिहितील, कारण फसलेली कामं त्यांनीच जास्त पाहिलेली असतात.

प्रश्न : आमचं ऑफिस लोअर परळला. निम्मे लोक घरून जोडलेले असतात, आणि पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की त्याहून जास्त. खोलीतले लोक आपसांत ठरवून मोकळे होतात, घरचे नुसते चौकोनात दिसतात. काय करावं?

घरून जोडलेल्यांना आधी बोलू द्या, नावाने आणि प्रत्येक विषयावर. खोलीतल्यांना एकमेकांच्या चेहऱ्यावरून आपली पाळी कळते, घरच्यांना कळत नाही. आवाजाचा थोडासा विलंबही त्यांना मागे ठेवतो. खोलीतल्या एकाकडे चॅट वाचायचं काम सोपवा. मीटिंग चालवणारा सोडून दुसरा कुणीतरी, कारण दोन्ही एकाला जमत नाही. महत्त्वाचा निर्णय असेल तर खोलीतल्यांनीही आपापला लॅपटॉप उघडून जोडून घ्यावं. माइक मात्र एकच चालू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. वन रूम किचनमध्ये मागे कुणाची आई भाजी निवडत असते, मूल अभ्यासाला बसलेलं असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये मांडलं, की व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याचं एक कारण म्हणजे सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं. ज्यांना कॅमेरा चालू ठेवायचाय त्यांनी निदान स्वतःची चौकट लपवावी, तशी सोय असते. आणि पडद्यामागच्या लोकांना न विचारता मीटिंगनंतर कॉरिडॉरमध्ये काही ठरलं, तर ते त्याच दिवशी ग्रुपवर लिहा.

प्रश्न : गिरगावातल्या एका पतसंस्थेचा मी सचिव आहे. बैठक दोन-दोन तास चालते. मोठ्या कर्जाची फाइल पाच मिनिटांत मंजूर होते, आणि चहावाला बदलायचा का यावर पाऊण तास जातो.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय. समितीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव येतो आणि झटकन मंजूर होतो, कारण तो कुणाला फारसा कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र सगळे बोलतात, कारण शेड सगळ्यांना कळते. तुमचे सभासद कर्जाच्या फाइलवर गप्प असतील तर ती त्यांना आधी मिळाली होती का, हे तपासा. बैठकीत हातात ठेवलेली तीस पानं कुणी वाचू शकत नाही. एका पानाचा गोषवारा तीन दिवस आधी पाठवा, आणि बैठकीची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी तो शांतपणे वाचायला ठेवा. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ पासून वरच्या बैठकांत स्लाइडऐवजी लेखी टिपण वाचायची पद्धत आहे ती याचसाठी.

चहाचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां’त शेवटी टाका आणि तो उभ्यानेच मिटवा. ही गंमत नाही. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात बसून घेतलेल्या बैठका उभ्याने घेतलेल्यांपेक्षा ३४ टक्के लांबल्या, निर्णय मात्र त्याहून चांगले झाले नाहीत. ज्येष्ठ सभासदांना खुर्ची द्यायला विसरू नका.

प्रश्न : परळच्या एका हॉस्पिटलात मी इनचार्ज सिस्टर आहे. सकाळी पावणेआठला ड्युटी बदलताना सगळ्यांना एकत्र घेते. ‘काही अडचण?’ विचारलं की सगळ्या ‘नाही सिस्टर’ म्हणतात. नंतर काहीतरी चुकलेलं बाहेरून कळतं. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही का?

सिस्टर, हे मनाला लावून घेऊ नका. पण हा प्रश्न पडला हे फार चांगलं झालं. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, आणि आकडे उलटे आले : चांगल्या टीमच्या नोंदींत चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथल्या नर्स चुका लपवत नव्हत्या, सांगत होत्या. सांगितलं तर चारचौघांत पाणउतारा होणार नाही, ही खात्री त्यांना होती. म्हणून तुमच्या वॉर्डात काही दिवस चुकांची नोंद वाढली तर घाबरू नका.

सुरुवात तुम्ही स्वतःपासून करा. ‘परवा पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल दुसऱ्याच ट्रेमध्ये होतं. माझ्या हातात आलं, लेबल वाचलं म्हणून वाचलो,’ असं काही घडलं असेल तर ते सगळ्यांसमोर सांगा. इनचार्ज सांगते म्हटल्यावर ट्रेनी मुलीलाही धीर येतो. तिने पहिल्यांदा काही सांगितलं की त्या क्षणाला तुमचा चेहरा कसा होतो, हे बाकीच्या सगळ्या बघत असतात. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच म्हणा. समजवायचं ते नंतर, एकटीला बाजूला घेऊन. आणि अँप्यूलची जागा त्याच दिवशी बदला, म्हणजे दुसऱ्या सकाळी ट्रॉलीकडे बघूनच सगळ्यांना कळेल की बोललेलं वाया गेलं नाही.

त्या घोळक्यात वॉर्डातल्या मावशी आणि मामांनाही, म्हणजे आया आणि वॉर्डबॉयनाही, बोलवा. कुठला बेड हलतो, कुठल्या पेशंटने रात्रभर जेवणाला हात लावला नाही, कुठल्या आजोबांना बाथरूमला जाताना तोल सांभाळता येत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ‘काही अडचण?’ ऐवजी ‘मावशी, रात्री कोण पडता पडता वाचलं?’ असं विचारा आणि थांबा. त्या जे सांगतील ते ड्युटीच्या वहीत तारीख टाकून लिहा, आणि दुसऱ्या दिवशी पावणेआठला तेच वाचून सुरुवात करा.