कायद्यातील एका शब्दावर हक्क ठरत नाही

कलमातील एखादाच शब्द अधोरेखित करून 'याचा अर्थ आमच्या बाजूने होतो ना?' असे विचारणारी पत्रे दर महिन्याला येतात. त्यांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कलमात सर्वत्र पुल्लिंगी 'तो' असेल, तर ते स्त्रियांना लागू होते का?

होते; सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम १३ प्रमाणे, संदर्भ विरुद्ध नसेल तर पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा समावेश असतो.

प्रश्न : कायद्यात 'शॅल' (इंग्रजीत 'करावेच' अशा अर्थाचा शब्द) असेल, तर अधिकाऱ्याने ती गोष्ट न केल्यास त्याचा आदेश आपोआप रद्द होतो, असे ऐकले. खरे आहे का?

कोणाकडून ऐकले, हे कळविले असते तर बरे झाले असते. लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याविषयीच्या संविधानाच्या अनुच्छेद ३२०(३)(ग) मध्ये 'शॅल' असूनही, मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद केवळ निदेशात्मक, म्हणजे न पाळल्याने आदेश आपोआप रद्द होत नाही अशी, ठरविली. तरतुदीचा हेतू काय आणि तिचे पालन न झाल्यास काय व्हावे असे विधिमंडळाला अभिप्रेत होते, हे न्यायालय पाहते. तुमचा आदेश वकिलांना दाखवा.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या नियमात 'हातगाडी, सायकल, बैलगाडी व इतर वाहने' यांवर शुल्क आहे आणि ते माझ्या ट्रॅक्टरवरही मागितले आहे. एका संकेतस्थळावरून पैसे देऊन घेतलेल्या नोटिशीच्या मसुद्यात 'एजुस्डेम जेनेरिस'मुळे शुल्क बेकायदा आहे असे लिहिले आहे. ती पाठवू का?

पाठवू नका. नियमाचे नाव लिहिले म्हणजे तो लागू होत नाही, आणि मसुदे विकणारे नेमके हेच ग्राहकाला सांगत नाहीत. सजातीयतेच्या या नियमानुसार विशिष्ट वस्तूंच्या यादीनंतर आलेल्या 'इतर' या शब्दाचा अर्थ त्याच जातीच्या वस्तूंपुरता घेतला जातो; पण त्यासाठी यादीतील वस्तूंची मिळून एक जात व्हावी लागते, ती जात यादीतच संपलेली नसावी लागते आणि कायद्याचा हेतू व्यापक असल्याची खूण अन्यत्र नसावी लागते. तुमच्या यादीतील तिन्ही वाहने बिनयंत्राची आहेत, म्हणून युक्तिवादाला जागा आहे. मात्र त्याच नियमांत 'वाहन' या शब्दाची व्याख्या असेल आणि तीत यंत्रचलित वाहने येत असतील, तर सारा युक्तिवाद कोसळतो. ती व्याख्या तुम्ही पाठविलेली नाही, मसुदा लिहिणाऱ्याने तर पाहिलीही नसावी.

याच कुळातला दुसरा नियम म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखणे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातील कामगारांच्या खटल्यात सरकारने त्याचाच आधार घेतला होता. औद्योगिक विवाद अधिनियमातील 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येत धंदा व व्यापार यांच्या शेजारी 'उपक्रम' हा शब्द होता, म्हणून त्याचाही अर्थ व्यापारी असाच घ्यावा, असे सरकारचे म्हणणे होते. १९६० साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ते फेटाळले : विधिमंडळाने मुद्दाम व्यापक शब्द वापरले असतील, तर सोबत्यांच्या नियमाने ते आकुंचित करता येत नाहीत. पुढे १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच उलट मत दिले आणि १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात तेही बाजूला सारले. अठरा वर्षे निष्णात न्यायमूर्तींमध्ये ज्यावर मतभेद राहिला, ते विकत घेतलेल्या दोन पानांत सुटेल अशी अपेक्षा कशी करावी? संपूर्ण नियमावली घेऊन वकिलांकडे जा.

प्रश्न : राज्याच्या कायद्याच्या मराठी व इंग्रजी पाठांत फरक दिसला, तर कोणता मानायचा?

प्रथम हातातले पुस्तक कोणाचे आहे ते पाहा. खासगी प्रकाशकाच्या भाषांतराला कोणतेही प्राधिकृत स्थान नाही. कायदा मराठीत केलेला असला, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले त्याचे भाषांतर हे अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे इंग्रजीतील प्राधिकृत पाठ समजले जाते. राजपत्रातील दोन्ही पाठांत खरोखरच विसंगती असेल, तर ते दोन्ही वकिलांपुढे ठेवा.

प्रश्न : दाव्याची मुदत रविवारी संपते. सोमवारी दाखल केला तर चालेल ना? कलमाच्या अर्थाबद्दल अजून विचार चालू आहे.

न्यायालय त्या दिवशी बंद असेल, तर मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ४ प्रमाणे ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. परंतु मुदत रविवारीच संपते हे कोणी मोजले? एका दिवसाची चूक झाली, तर कलम ५ खालील विलंबमाफी तुम्हाला मिळणार नाही; ती अपिलांसाठी व अर्जांसाठी आहे, दाव्यांसाठी नाही. कलमाच्या अर्थाचा विचार दावा दाखल झाल्यावरही करता येईल. कागदपत्रे घेऊन आजच वकिलांना भेटा.