करारनाम्यातलं ‘मौजे एक्सर’

प्रश्न : आम्ही बोरीवली पश्चिमेला राहतो. नव्या फ्लॅटच्या करारनाम्यात ‘मौजे एक्सर, तालुका बोरीवली’ असं छापलंय. वकील म्हणाले, जुनी भाषा आहे, सोडून द्या. सासूबाई म्हणतात, एक्सर खरोखरचं गाव होतं. तसं असेल तर तिथली माणसं काय करायची आणि हे शोधायचं कुठं? – एक वाचक, बोरीवली

उत्तर : ताई, सासूबाईंचं खरं आहे. मी याच पट्ट्यात तलाठी होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो. मौजे म्हणजे महसुली गाव. महापालिका आली, रस्ते झाले, टॉवर उठले, तरी जमिनीच्या कागदाला गाव लागतंच. तुमची इमारत सरकारदरबारी आजही एक्सरच्या शिवारात उभी आहे. शेजारच्या शिंपोली, मागाठाणे, पोईसर, चारकोप या नावांचंही तेच. आपण त्यांना बसथांबे समजतो, इतकंच.

हा सगळा मुलूख साष्टी बेटाचा. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असं सांगतात. पोर्तुगीज गेले, मराठे आले, मग इंग्रज. सारा गोळा करणारे बदलले, सारा भरणारी गावं तीच राहिली. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि १९५७ मध्ये दहिसरपर्यंतची गावं बृहन्मुंबईत आली. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या पिढीने हे गाव मुंबईबाहेर असलेलं पाहिलं असणार.

तिथली माणसं काय करायची, याचं उत्तर सातबाऱ्यात आहे. नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकलं. लोक सातवर बोट ठेवून भांडतात, बाराकडे कुणी बघत नाही. मीही बघत नसे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या उताऱ्यावर ओळीने ‘गवत, गवत, गवत’ वाचलं आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणालो, “बाबा, तुमच्या वाडवडिलांनी काही पेरलंच नाही की काय?” तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, “साहेब, भात आम्ही खायचो. पैसा गवताचा.”

ते मला पुढे पटत गेलं. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्राम घोडे ओढत होते. बग्ग्यांचे घोडे वेगळे, बैलगाड्या वेगळ्या आणि तबेल्यांतल्या म्हशी तर हजारोंनी. एवढ्या तोंडांना रोज चारा हवा. तो शहरात उगवत नव्हता; ठाणे जिल्ह्यातून, साष्टीतून यायचा. शहराशी रेल्वेनं जोडही होती: १८६७ साली विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. तिच्या थांब्यांत बोरीवलीचं नाव ‘बेरेवला’ असं होतं. (साहेबांच्या कानाला दोष देऊ नका, आपणही व्हिक्टोरियाचं व्हीटी केलंच.) तेव्हा उताऱ्यावर ‘गवत’ दिसलं तर पडीक समजू नका. पडीकला ‘पड’ असा वेगळा शब्द आहे. गवताखेरीज या भागात भाताची खाचरं, भाजीच्या वाड्या आणि खाडीच्या बाजूला मिठागरं. गावठाणांत वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजारी-शेजारी. कुणाच्या अंगणात तुळस, कुणाच्या दारात क्रूस.

आता शोधायचं कसं. करारातच सिटी सर्व्हे नंबर असेल. तो घेऊन नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. त्यावरून मूळ सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर कळेल. नंबरखाली हिस्से दिसले, की कधीतरी भाऊ वेगळे झाले समजा. मग तहसील कार्यालयात त्या नंबरचे जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मागा. खरी गोष्ट तिथं असते: कोण वारलं, वारस किती लागले, विधवेचं नाव चढलं की राहिलं, जमीन कुणाकडे गहाण पडली, ‘इतर हक्कां’त कुळ कोण होतं. सगळ्यात जुने फेरफार मोडी लिपीत असतात. घाबरू नका, मोडी वाचणारे मुंबईत मिळतात. आणि नक्कल मागताना पाठची बाजूही मागा. शेरा पाठीवर आणि नक्कल फक्त पोटाची, असं मी स्वतः एकदा करून बसलोय.

कागदाच्याही मागं जायचं असेल तर एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, पाहून या. काही दगडांवर वल्हवणाऱ्या नावांची रांग कोरलीय, काहींवर जमिनीवरची लढाई. आरमारी लढाई दाखवणारे वीरगळ फार विरळा. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, १२६५च्या सुमाराची ही लढाई, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. १८८२च्या ठाणे गॅझेटियरच्या चौदाव्या खंडात या दगडांचं वर्णन आहे. तिथून मंडपेश्वरची लेणी जवळ. तीच, जिथं पोर्तुगीजांनी लेण्यात चर्च केलं. सासूबाईंना सोबत न्या. विहीर कुठं होती, हे कुठल्याच खंडात नाही.

प्रश्न : मालाडला आमचं चार पिढ्यांचं किराणा दुकान आहे. ते कधी सुरू झालं, याचा पुरावा कुठं मिळेल? गुमास्ता लायसन्स १९५०च्या पुढचं आहे. – एक वाचक, मालाड

उत्तर : तुमचं लायसन्स ज्या गुमास्ता कायद्याखालचं, म्हणजे दुकाननोंदणीच्या कायद्याखालचं, तोच १९४८चा. तेव्हा लायसन्सवरून दुकानाचं वय ठरवू नका. दुकान त्याच्याआधी कितीही जुनं असू शकतं. जागा भाड्याची असेल तर भाडेपावत्या बघा. नातेवाइकांच्या जुन्या लग्नपत्रिकांवर ‘आपले नम्र’च्या खाली दुकानाचा पत्ता छापलेला सापडतो. उधारीच्या वह्या माळ्यावर असतील. त्यांत पहिल्या पानावर ‘श्री’खाली मिती असते, आणि ती शक संवत की विक्रम संवत हे आधी बघा, नाहीतर दुकान एकदम १३५ वर्षांनी म्हातारं होईल. तोलाच्या जुन्या वजनांवर पडताळणीचे छाप असतात, सालासकट. ती वजनं मात्र मोडीत घालू नका. घातली असतील तर कुठल्या भंगारवाल्याला, ते आजच विचारा.