फ्रान्सचा संघ नक्की कुणाचा?

प्रश्न: ताई, नमस्कार. 2022 च्या विश्वचषकाची फायनल आम्ही पेठेत तालमीसमोर पडदा लावून बघितली. एम्बापेनं तीन गोल केले तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, ‘हा कसला फ्रान्सचा संघ? सगळी आफ्रिकेची उसनी पोरं.’ दुसरा म्हणाला, ‘उलट सगळ्या वंशांची माणसं एकत्र आली म्हणून तर तो देश मोठा झाला.’ फ्रान्स हरला, पण आमचा वाद अजून चालूच आहे. हल्ली आमच्याकडच्या लीगमध्येही आफ्रिकेतून आलेले खेळाडू उतरतात, त्यामुळे तो रोज नव्यानं पेटतो. तुम्ही तिकडं राहून आलात. खरं कुणाचं?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: दोघांचंही मला पटत नाही. ‘उसनी पोरं’ म्हणणाऱ्याचं तर अजिबातच नाही, म्हणून आधी त्यांचं बघते.

2018 ला मॉस्कोत क्रोएशियाला 4-2 नं हरवून विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या 23 जणांत परदेशात जन्मलेले दोनच होते. उमतिती कॅमेरूनमध्ये जन्मला, मांदांदा काँगोत. दोघंही लहान असतानाच फ्रान्सला आले. एम्बापे पॅरिसमध्ये जन्मला आणि शेजारच्या बाँदीत वाढला. त्याच्या वडिलांचं मूळ कॅमेरूनचं, आईचं अल्जीरियाचं. या पोरांना उसनं आणलं म्हणायचं तर कुठून? बाँदीहून पॅरिसला? तुमच्या मित्राला आणखी एक विचारा. 1958 च्या विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला, त्या संघातला कोपा हा पोलंडहून आलेल्या कुटुंबातला. मूळ आडनाव कोपाशेव्स्की. पोरवयात तो कोळशाच्या खाणीत उतरायचा आणि तिथल्या अपघातात त्याच्या हाताचं बोट गेलं. प्लातिनीचे आजोबा इटलीहून आलेले. या दोघांना उसनं म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. ते गोरे होते, एवढाच काय तो फरक.

आता दुसऱ्या मित्राचं. त्यांचं म्हणणं ऐकायला फार गोड आहे, आणि एके काळी मीही ते अगदी मनापासून मानत होते. मी 1996 ते 2004 सँ-देनीत राहिले. पॅरिसच्या उत्तरेला अगदी खेटून असलेलं हे गाव. 12 जुलै 1998 ची विश्वचषकाची फायनल ज्या स्ताद द फ्रान्सवर झाली, ते स्टेडियम याच गावात आहे. आमची इमारत तिथून चालत वीस मिनिटांवर. समोरच्या दारात मालीहून आलेलं कुटुंब राहायचं. त्या संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीनं बसलो होतो. झिदाननं कॉर्नरवरून डोक्यानं पहिला गोल केला तो आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा टीव्हीतून आणि एकदा उघड्या खिडकीतून. सामना संपला, 3-0. घरच्या बाईंनी माझ्या हातात भात आणि शेंगदाण्याच्या रश्श्याची ताटली दिली आणि रडायला लागल्या. जिन्यातून पोरं ढोलासारखे डबे बडवत खाली पळत होती. त्या रात्री पॅरिसमध्ये विजय कमानीवर झिदानचा भलामोठा चेहरा प्रकाशात झळकत होता. अल्जीरियाच्या काबिल भागातून आलेल्या आईबापांचा, मार्सेलच्या एका गरीब वस्तीत वाढलेला मुलगा!

दुसऱ्या दिवसापासून एकच घोषणा सगळीकडं होती. फ्रान्सच्या झेंड्याच्या निळा-पांढरा-लाल या शब्दांच्या चालीवर ‘काळे, गोरे, अरब’. सेमीफायनलला क्रोएशियाविरुद्ध दोन्ही गोल करणारा थुराम कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरचा, देसायी घानात जन्मलेला, व्हिएरा सेनेगलमध्ये, कारांब्य पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियातला. यातल्या कारांब्यबद्दल थोडं थांबून सांगते. 1931 ला पॅरिसमध्ये वसाहतींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा न्यू कॅलेडोनियातून माणसं आणून त्यांना ‘नरभक्षक’ म्हणून कुंपणामागं तिकीट लावून दाखवलं गेलं. त्यांत कारांब्यचे पणजोबा होते. पणतू त्याच शहराच्या वेशीवर फ्रान्सचा शर्ट घालून फायनल खेळला. राष्ट्रगीताच्या वेळी तो ओठ हलवायचा नाही. दोनच वर्षांपूर्वी, 1996 ला, तिथले कडव्या उजव्या पक्षाचे नेते ल पेन यांनी हा संघ बनावट आहे, यातल्या काहींना राष्ट्रगीत म्हणता येत नाही किंवा म्हणायचं नाही, अशी जाहीर तक्रार केली होती. कारांब्यच्या गप्प ओठांमागं काय होतं ते समजून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. मला आजही त्याचा राग येतो.

तर, देश बदलला असं आम्हाला खरोखर वाटलं. मग 2001 चा ऑक्टोबर आला. 1962 ला स्वतंत्र झाल्यापासून अल्जीरियाचा संघ फ्रान्सशी पहिल्यांदाच खेळत होता, त्याच स्टेडियमवर. फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू होताच फ्रान्समध्येच वाढलेल्या हजारो पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि 76 व्या मिनिटाला पोरं मैदानात घुसली म्हणून सामना सोडून द्यावा लागला. पुढच्या एप्रिलमध्ये तेच ल पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत पोचले. ते हरले, आणि मोठ्या फरकानं हरले, हे खरं. पण विजय कमानीवरच्या त्या चेहऱ्याला चार वर्षंही झाली नव्हती. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये बाँदीजवळच्या क्लिशी-सू-ब्वात पोलिसांना घाबरून विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन पोरं शॉक लागून मेली आणि देशभरच्या उपनगरांत तीन आठवडे गाड्या जळत होत्या. एम्बापे तेव्हा सहा वर्षांचा होता.

समोरच्या घरातल्या मुलाचं सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. फायनलच्या रात्री तो सतरा वर्षांचा होता. पुढं हिशेब-तपासणीचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी पास झाला. एका कंपनीत जागा निघाली म्हणून त्यानं माझ्याच घरून फोन केला. नाव आणि पत्ता सांगितल्यावर पलीकडून उत्तर आलं, जागा भरली. त्याला शंका आली. तासाभरानं त्याच्या गोऱ्या मित्रानं स्वतःच्या नावानं फोन केला, तर त्याला मुलाखतीची वेळ मिळाली. मुलगा काही बोलला नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्यानं तो डिप्लोम्याचा कागद परत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, दोनदा, कारण पहिल्यांदा कोपरा दुमडला. त्याच्या अंगावर झिदानचा 10 नंबरचा शर्ट होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा, संघात सगळे रंग आले म्हणून देश आपोआप मोठा होत नाही. आणि रंग एकत्र आले म्हणून संघ जिंकतो, असंही नाही. 2022 ला फ्रान्सला हरवणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघात आफ्रिकी मूळ दिसणारा खेळाडू शोधूनही सापडला नसता. आणि 2018 ला फायनलपर्यंत पोचलेला क्रोएशिया तर जेमतेम 40 लाखांचा देश.

फ्रान्स जिंकतो तो बुधवारमुळं, असं माझं मत आहे. मी होते तेव्हा तिथं बुधवारी लहान मुलांना शाळा नसायची. दुपारी दोनला नगरपालिकेच्या मैदानावर शे-दीडशे पोरं जमायची. वर्षाची वर्गणी एका कुटुंबाला झेपेल एवढी, त्यात विमा आणि फोटो चिकटवलेलं कार्ड. प्रशिक्षक म्हणजे कुणी बसचालक, कुणी शाळेतला शिपाई, पण रीतसर शिकवण्याचं प्रमाणपत्र घेतलेला. शर्ट धुवायची पाळी दर आठवड्याला एकेका आईची. संपल्यावर अर्धा पाव आणि त्यात खोचलेली चॉकलेटची पट्टी. त्यातून निवडलेली मुलं पुढं 1988 ला सुरू झालेल्या क्लेरफोंतेनच्या राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षण केंद्रात. एम्बापे याच वाटेनं गेला. बाँदीच्या क्लबात त्याचे वडीलच प्रशिक्षक होते. यात वंशाचा गुण काही नाही. गरीब वस्तीत मैदान आहे, दिवे आहेत, शिकवणारा आहे आणि दार उघडं आहे. माझं दुखणं एवढंच की बुधवारी दुपारी जे दार उघडं होतं, ते गुरुवारी सकाळी नोकरीच्या फोनवर बंद होतं.

पदकांवरून देशाचा मोठेपणा मोजायचा तर पूर्व जर्मनीला अमेरिकेपेक्षाही मोठं म्हणावं लागेल. पावणेदोन कोटींच्याही आत लोकसंख्या, आणि 1976 ला माँट्रियलमध्ये 40 सुवर्णपदकं, अमेरिकेपेक्षा जास्त. कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या चारून त्यांतली कितीतरी मिळवली होती. 1990 ला तो देशच उरला नाही. त्या मुलींपैकी कितीतरी जणी पुढं आयुष्यभर आजारी राहिल्या.

मी त्या समोरच्या मुलाकडं बघून ठरवते. तो फुटबॉलपटू नव्हता, साधा मधल्या फळीत खेळणारा क्लबातला पोरगा. असा गोल न करणारा काळा मुलगा ज्या दिवशी फक्त नाव सांगून मुलाखतीला बोलावला जाईल, त्या दिवशी मी फ्रान्सला मोठा देश म्हणेन. थुराम 2008 पासून शाळाशाळांतून वर्णद्वेषाबद्दल हेच शिकवण्याचं काम करतोय. नऊ वर्षांचा असताना ग्वादलूपहून पॅरिसजवळ आलो आणि वर्गातल्या मुलांनी मला काळा केलं, असं तो सांगतो. तोपर्यंत त्याला आपण काळे आहोत हे माहीतच नव्हतं.

आणि तुमच्या लीगमधल्या आफ्रिकी खेळाडूंचं: सामन्यानंतर ते कुठं जेवतात, कुणाच्या घरी? पेठेतल्या कुणी त्यांना खोली भाड्यानं दिली का? वाद पुन्हा निघाला की हे विचारा.

प्रश्न: ताई, गोऱ्या-काळ्यांचं सोडा. मैदानावर हवा आणि बाहेर नको, असं आपल्याकडं कुणाच्या बाबतीत झालंय का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: झालंय, आणि तुझ्या नाशिकपासून फार लांबही नाही. पालवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे आणि ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. त्या काळी संघ धर्मावरून असत. तिथल्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती म्हणून त्यांना संघात घेतलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडं नंतर फेकून द्यायचं.

1906 ला मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. डॉ. आंबेडकर तरुणपणी त्यांना मानत. एवढं होऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. 1920 ला तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. गाजावाजा झाला, मग तिघांनाही परत घेतलं आणि बाळूंना उपकर्णधार केलं. मूळ कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेला, तेवढाच वेळ बाळूंनी संघ सांभाळला. अखेर 1923 ला विठ्ठल कर्णधार झाले आणि मुंबईतली हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. बाळूंचं खेळणं तोवर थांबलं होतं.