बँकेची सशर्त गॅरंटी हातात घेऊन वादातलं घर विकत घ्यावं का?

प्रश्न : मी ५६ वर्षांचा आहे, इचलकरंजीत सुताचा व्यापार करतो. कोल्हापुरात एक दुमजली घर, खाली दोन गाळे, ८० लाखांना मिळत आहे. बाजारभाव कोटीच्या घरात आहे. विक्रेत्याने त्यावर एका सहकारी बँकेचं कर्ज काढलं असून ४२ लाख बाकी आहेत, दोन हप्ते थकले आहेत. घर त्यांच्या वडिलांनी स्वतः घेतलेलं होतं आणि मृत्युपत्राने ते एकट्या विक्रेत्याला मिळालं. हे मृत्युपत्र खोटं असल्याचं म्हणत बहिणीने वाटपाचा दावा लावला आहे. आईवडील हयात नाहीत, भावंडं दोघंच. विक्रेता म्हणतो, साठेखताला ४५ लाख द्या, मी कर्ज फेडतो आणि तीच बँक तुम्हाला ४५ लाखांची गॅरंटी देईल. उरलेले ३५ लाख दावा निकाली निघाल्यावर. बँकेचे साहेबही ‘काळजी करू नका’ म्हणाले. माझी एकूण शिल्लक ५८ लाख. हमीपत्राचा मसुदा सोबत पाठवत आहे.

उत्तर : नमस्कार. या मसुद्यावर पैसे देऊ नका. घर चांगलं असेल, भावही चांगला आहे, आणि विक्रेत्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला ज्याची भीती वाटते आणि ही गॅरंटी ज्यासाठी पैसे देईल, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बँक पैसे कधी देणार, ते मसुद्यात असं लिहिलं आहे: ‘विक्रेत्यास सदर मिळकतीत मालकी हक्क नसल्याचे सक्षम न्यायालयाच्या अंतिम हुकूमनाम्याने सिद्ध झाल्यास व त्याची प्रमाणित प्रत मुदतीत सादर केल्यास.’ मुदत १८ महिने.

आता दाव्यात तुमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट काय होईल ते बघा. मृत्युपत्र टिकलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी सारखे वारस, म्हणजे बहिणीचा अर्धा हिस्सा आणि भावाचाही अर्धा. विक्रेता तेव्हाही अर्ध्या घराचा मालक असेलच. मग ‘मालकी हक्क नसल्याचे’ सिद्ध झालं कुठे? बँक तेवढ्या एका शब्दावर नकार देऊ शकते. तुमच्याकडे मात्र अर्धं घर आणि शेजारी न्यायालयात जिंकलेली सहमालकीण राहील. त्यातही हे राहतं घर आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार कुटुंबाच्या अविभक्त घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला सामाईक ताबा मागता येत नाही. वाटप मागायला गेलात तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे बहीण तुमचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला स्वतःकडे घेऊ शकते.

तडजोड झाली, दावा काढून घेतला गेला किंवा मनाई हुकूम येऊन सगळं ठप्प झालं, तरीही ही अट पुरी होत नाही. आणि १८ महिन्यांत ‘अंतिम हुकूमनामा’? वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, मग मोजणी-वाटप, मग अंतिम, शिवाय प्रत्येक टप्प्यावर अपील. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. अपिलाच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

गॅरंटी ही जशी लिहिली तशीच वाचली जाते. १९९९ च्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तिथे हमीपत्रात मूळ कराराच्या अटीचा उल्लेख होता म्हणून हमी सशर्त ठरली. पैसे मागणारं पत्र मुख्य अभियंत्याऐवजी कार्यकारी अभियंत्याने दिलं होतं, तेही चाललं नाही. सरकारी खात्याची ही गत झाली. साहेबांच्या तोंडी ‘काळजी करू नका’ला हमीपत्रात जागा नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते मसुद्यातलं कलम सात: ‘हमीची जबाबदारी संपेपर्यंत सध्याचे तारण बँकेकडे कायम राहील.’ याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या पैशातून कर्ज फिटेल, पण घराचे कागद बँकेतून सुटणार नाहीत, कारण तुम्हाला दिलेल्या गॅरंटीसाठी तेच घर तारण राहील. उद्या बँकेने तुम्हाला पैसे दिले, तर ती रक्कम विक्रेत्याच्या नावावर कर्ज म्हणून चढेल आणि वसुली याच घरातून होईल. न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकांनाही वापरता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातल्याच मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्या घराच्या भरवशावर तुम्ही बसणार, त्याच्यावरच बोजा.

बँक इथे तिऱ्हाईत नाही, हेही ध्यानात असू द्या. मृत्युपत्र पडलं तर तिचं गहाण फक्त भावाच्या अर्ध्या हिश्श्यापुरतं उरतं. हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. तुमचे ४२ लाख आले की तिची ही सगळी चिंता मिटते, आणि बदल्यात ती जी जबाबदारी घेते ती वरच्या अटींमुळे अंगावर येण्याची शक्यता फार थोडी. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध घातले तर देणी देण्यावरही बंधन येऊ शकतं. पाच लाखांचं विमा संरक्षण ठेवींना असतं, गॅरंटीला नाही.

आता २० लाखांच्या सवलतीकडे वळू. सात टक्के व्याजाने ४५ लाखांचे पाच वर्षांत सुमारे ६३ लाख होतात, सात वर्षांत सुमारे ७२ लाख. म्हणजे साडेपाच वर्षं पैसे अडकले की सवलत, करापूर्वीच्या हिशेबाने, संपली. गॅरंटी मिळालीच तरी बिनव्याजी ४५ लाखच मिळणार. तुमच्या हाताशी उरतात १३ लाख. पेन्शन नाही, धंदा सुताच्या भावावर चालणारा, वय ५६. त्यातच दावा लवकर निकाली निघाला तर बाकीचे ३५ लाख कुठून उभे करणार, हे तुमच्या पत्रात नाही. माझ्या लेखी हे एक कारणसुद्धा ‘नाही’ म्हणायला पुरेसं आहे.

आणखी एक हिशेब मांडतो, कारण त्यावरून विक्रेत्याची अडचण कळते. बहिणीचा हिस्सा अर्धा ठरला तर ८० लाखांतले ४० तिचे. कर्ज भावाचं एकट्याचं, ४२ लाख. बेरीज ८२. पूर्ण किंमत घेऊनही त्यांचं भागत नाही. म्हणून आधी कर्ज फेडायचं आणि बहिणीचं नंतर बघायचं, असा हा क्रम आहे. तुम्हाला सोयीचा क्रम नेमका उलटा.

तुम्हाला हवी आहे ती बहिणीची सही. ती खरेदीखतात संमती देणारी पक्षकार म्हणून यावी किंवा तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, आणि दाव्यात तडजोड हुकूमनामा व्हावा. लोकअदालतीत तडजोड झाली तर निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तिला किती द्यायचे हे भावंडांनी ठरवावं. तुम्ही मध्ये पडू नका. ते झालं की एकाच दिवशी बँकेच्या नावे ४२ लाखांचा डिमांड ड्राफ्ट, बहिणीच्या नावे तिचा ड्राफ्ट, बँकेचा बोजा कमी केल्याचा लेख आणि मूळ कागद तुमच्या वकिलांच्या हातात. तोवर एक रुपयाही नाही.

एजंट म्हणतो की दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदलेली नाही, म्हणून तुम्ही सुरक्षित. दावा चालू असताना घर घेणाऱ्याला त्या दाव्याचा निकाल बांधील ठरवणारं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ महाराष्ट्रात लागू व्हायला अशी नोंद लागते हे खरं. पण ती नोंद बहीण उद्याही करू शकते, आणि नोंद नसली तरी भावाला स्वतःच्या हिश्श्यापेक्षा जास्त विकता येत नाही. दाव्याची माहिती असताना घेतल्यामुळे ‘मला ठाऊक नव्हतं’ असं तुम्हाला म्हणताही येणार नाही. मिळकत पत्रिकेवर विक्रेत्याचं एकट्याचं नाव आहे, त्यानेही मालकी सिद्ध होत नाही.

विक्रेता गॅरंटीवरच अडून बसला, तर मला चालेल अशी एकच रचना आहे. गॅरंटी दुसऱ्या, मोठ्या व्यापारी बँकेची, विक्रेत्याच्या स्वतःच्या ठेवीवर काढलेली, या घराशी संबंध नसलेली. मजकूर असा की ठरलेल्या तारखेपर्यंत बहिणीचं हक्कसोडपत्र आणि दावा निकाली निघाल्याचा आदेश तुमच्या हाती आला नाही, तर तुमच्या लेखी मागणीवर बँकेने कोणतीही हरकत न घेता पूर्ण रक्कम द्यावी. मुदत संपण्याआधी वाढवून दिली नाही तरी पैसे द्यावेत. आणि ती खरी असल्याची खात्री तुमच्या बँकेमार्फत एसएफएमएस (बँकांमधली सुरक्षित संदेश यंत्रणा) संदेशाने करून घ्यायची. विक्रेत्याकडे एवढी ठेव असती तर हप्ते थकले नसते, त्यामुळे हे घडेल असं मला वाटत नाही.

विक्रेत्याला तीन महिने द्या आणि तसं लेखी कळवा. त्या काळात ठेवी मोडू नका. ज्यांची मुदत संपेल त्या कमी मुदतीवर ठेवा. दिवाणी वकिलाकडून दाव्याची कैफियत, मृत्युपत्राची प्रत आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वाचून घ्या. हा खर्च तुमचा तुम्ही करा, विक्रेत्याच्या वकिलावर सोपवू नका. आणि विसार म्हणून काही रक्कम आधीच दिली असेल, तर व्यवहार न झाल्यास ती परत मिळेल असं लिहिलेली पावती या आठवड्यातच मागून घ्या.